वत्सलाचं डोहाळजेवण

“सरका की जरा, पोटुशी बाई आहे, पंख्याखाली बसू दे तिला,” म्हणत त्या बाईनं मला आपल्या शेजारची खुर्ची दिली. मी बसून पदर सावरते तोवर ती पलीकडं बसलेल्या धाकट्या जावेकडं वळलीसुद्धा. “तर मी काय सांगत होते, त्या जुन्या वत्सलाच्या डोक्यात हवा गेली होती. म्हणून काढली तिला.”

ती जुनी वत्सला म्हणजे मीच.

तासगावातलं मंगल कार्यालय होतं ते. भर दुपार, आत बायकांची ही गर्दी, आणि स्टेजवर झेंडू-शेवंतीनं मढवलेला झोपाळा. मागं भलामोठा फलक, ‘वत्सलाचं डोहाळजेवण’. ही वत्सला त्या गावची सून नव्हे आणि लेकही नव्हे. ‘थोरलीचं घर’ नावाची मालिका होती, त्यातली ती थोरली सून. मालिकेत तिला दिवस गेले आणि चॅनेलनं स्पर्धा काढली की वत्सलाचं डोहाळजेवण कुठल्या गावानं करायचं. तासगावच्या महिला मंडळानं असा काही जोर लावला की मान त्यांनाच मिळाला. बायकांनी सगळं खरंखुरं मांडलं होतं. फुलांचे दागिने, पंचपक्वान्नं, ओटीत घालायला गावचे पिवळेधमक बेदाणे. वत्सलाच्या पोटावर कापसाची उशी बांधलेली असते हे तिथल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. पण ते तोंडातून काढायची कुणाची तयारी नव्हती.

आता माझी लेक शाळेत जाते, स्वतःची वेणी स्वतः घालते, तरी ती दुपार मला कालच्यासारखी आठवते. आठवते म्हणजे मीच ती विसरत नाही. अधूनमधून काढून पुसून ठेवते.

मी वैजयंती आरगे. माहेर-सासर दोन्ही मिरजेचं. मालिका सुरू झाली तेव्हापासून वत्सला मीच होते. लोक मला बाजारात वत्सला म्हणून हाक मारायचे, भाजीवाल्या दोन जुड्या जास्त टाकायच्या. घरात भांडणाला तोंड फुटलं की वत्सला एक वाक्य म्हणायची, “आधी जेवून घ्या, मग भांडायला बसू.” ते वाक्य तर लोकांच्या लग्नपत्रिकांवर छापलेलं मी पाहिलंय.

मग मला खरंच दिवस गेले. लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून गेले होते. मालिकेत वत्सलाला दिवस जाणार हे लेखकांनी आधीच ठरवलेलं, तेव्हा मी तर हरखूनच गेले. म्हटलं, बरं झालं, उशीसुद्धा लागणार नाही. निर्माते नंदकुमार वाकसकर, सगळं युनिट त्यांना नंदादादा म्हणायचं. मी सकाळी सेटवर गेल्या गेल्या त्यांना सांगितलं. त्यांनी देवाच्या फोटोला हात जोडले, मला लेक म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर दोन ताटं वाढलेली. मी काही विचारणार तर हसून म्हणाले, “आधी जेवून घ्या, मग भांडायला बसू.” माझंच वाक्य. मीही हसले आणि जेवले. त्या दिवसांत भूक अशी लागायची की लाज वाटेनाशी झाली होती. श्रीखंड पुन्हा मागून घेतलं. हात धुऊन बसले तेव्हा ते म्हणाले, “बाळा, खऱ्या पोटाचा भरवसा नसतो. उलट्या, डॉक्टर, सुट्ट्या. उशीचं बरं, हवी तेव्हा बांधा, हवी तेव्हा सोडा. वत्सला आता दुसरी मुलगी करेल. कॅरेक्टर महत्त्वाचं असतं. चेहरा काय, बदलता येतो.”

माझ्या तोंडात श्रीखंडाची गोडी होती अजून. काढून टाकलं याचं दुःख होतंच, पण त्या माणसानं मला खाऊ घालून, माझ्याच वाक्यानं खाऊ घालून काढलं, ते जिव्हारी लागलं. आजही मी श्रीखंडाला हात लावत नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. कलाकाराच्या नशिबी हे असतंच. पण लोक विचारायला लागले, आमची वत्सला कुठं गेली? तेव्हा नंदादादांनी मुलाखतीत तोंड वाईट करून सांगितलं, “काय करणार, यश पचलं नाही तिला. वेगळी खोली हवी, सीन बदलून हवेत. शेवटी आम्हीच हात जोडले.” झालं. मालिकेच्या प्रत्येक जाहिरातीखाली लोकांनी मला शिव्या घातल्या. कृतघ्न, माजलेली, बरी गेली. मी एकेक वाचायचे. माझा नवरा अभिनंदन, त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तो माझ्या हातातून फोन काढून घ्यायचा, मी तो पुन्हा शोधून वाचायचे. दुसऱ्या निर्मात्यांना फोन केले तर म्हणायचे, “तू सेटवर भांडतेस म्हणे.” माझं नाव असं खराब झालं होतं, आणि त्या नावाशिवाय आमच्या धंद्यात माणसाकडं दुसरं असतं काय?

म्हणून मी तासगावला गेले होते. कार्यक्रम चॅनेलच्या पानावर थेट दाखवणार होते, म्हणजे कापाकापी नाही. ठरवलं होतं की स्टेजवर जायचं, माइक हिसकावून घ्यायचा आणि त्या माणसाचं पितळ उघडं पाडायचं. अभिनंदननं मला गाडीतून आणलं, पण रस्ताभर एकच टुमणं. “माइक हिसकावणारी बाई कितीही खरं बोलली तरी भांडखोरच दिसते, वैजू. त्यानं सांगितलेलंच तू खरं करून दाखवणार.” तो बरोबर बोलत होता, म्हणून तर मला त्याचा जास्त राग आला. मी त्याला बाहेर गाडीतच बसवलं आणि एकटी आत गेले.

कुणी ओळखलं नाही. वत्सलाचं ते टपोरं कुंकू, तो भरघोस अंबाडा, सगळं सेटवरच राहिलेलं. मी जाड भिंगाचा चष्मा लावलेला, तोंड सुजलेलं, पोट हे एवढं.

“हवा गेली असंल डोक्यात,” माझ्या शेजारची ती थोरली जाऊ बोलतच होती. तिचं नाव रत्नाबाई. “पण काम तिचंच बघावं, पूनम. सासू बोलायला लागली तरी ती हातातलं काम सोडायची नाही. भाजी चिरत चिरत ऐकायची. ही नवी बघ, सासूनं तोंड उघडलं की ही डोळे वटारती.”

“डोळेच मोठे आहेत तिचे, त्याला ती काय करणार?” धाकटी पूनम म्हणाली. “मला तर नवीच बरी वाटते, ताई. जुनी नुसती सोसायची. सगळ्यांची उष्टी काढायची, वर शिव्या खायच्या, आणि म्हणायचं काय तर आधी जेवून घ्या. असं कोण वागतं का? तुम्ही वागता?”

“मी वागले नसते तर तू टिकली असतीस होय आमच्या घरात?”

मागच्या रांगेतली एक बाई पुढं वाकली. “त्याचं सोडा. पण बाई माहेरी गेली आणि तोंड बदलून आली, आणि घरात कुणाला काही कळू नये? सासूला नाही, दिराला नाही. नवरासुद्धा म्हणतो, आलीस का, आणि चहा मागतो.”

“नवऱ्याचं काही सांगू नका,” रत्नाबाई म्हणाली. “आमच्याकडं मी चष्मा घेतला ते ह्यांना दिवाळीत कळलं.”

सगळ्या हसल्या. पूनमनं मात्र विषय सोडला नाही. “मी काय म्हणते, वत्सला म्हणजे कुठल्या एका बाईचं तोंड नाही. उद्या तिसरी आली तरी वत्सला ती वत्सलाच.”

“वा गं वा. मग उद्या मी जाऊन बसते त्या झोपाळ्यावर.”

“बसा की. उशी मी बांधते.”

माझ्यावरूनच चाललेला हा वाद मी खाली मान घालून ऐकत होते. एकीला माझं काम आवडायचं पण मी माजलेली होते. दुसरीला मी नकोच होते. खरं काय झालं ते दोघींनाही माहीत नव्हतं.

“कितवा गं तुला?” रत्नाबाईनं मध्येच मला विचारलं.

“सातवा.”

“तुझं झालं का डोहाळजेवण?”

“नाही झालं.” सासू नव्हती, आणि काम गेल्यापासून मला कशाचीच हौस राहिली नव्हती. ते मी सांगितलं नाही.

तिनं माझ्या मांडीवरच्या पिशवीत डोकावून पाहिलं. खण, नारळ, तांदूळ. स्टेजवर जायला रांगेत उभं राहावं लागणार म्हणून मी आणलं होतं ते सामान. रत्नाबाईच्या कपाळावर आठी पडली. “अगं, तुझीच ओटी भरायचे दिवस, आणि तू दुसरीची भरायला निघालीस? तुला चालत नाही बाई. पोटुशीनं पोटुशीची ओटी भरू नये.”

“पण तिच्या पोटावर तर उशी आहे.”

दोघी जावांनी माझ्याकडं पाहिलं, मी देवघरात चपला घालून गेल्यासारखं. “इथं असलं बोलायचं नाही,” पूनम कुजबुजली. “हौसाक्कांनी ऐकलं तर हाताला धरून बाहेर काढतील.”

हौसाक्का जमदाडे म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या, बेदाण्याच्या दोन शेडच्या मालकीण. स्टेजवर झोपाळ्याच्या उजव्या अंगाला उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हाताकडं त्यांचं लक्ष होतं. कुणी डाव्या हातानं कुंकू लावलं तर तिथल्या तिथं टोकत होत्या. रीत म्हणजे रीत.

आणि त्यांच्याकडं बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माइक कशाला हिसकावायचा? मी फक्त ओटी भरायला जायचं. पुढचं त्याच करतील.

मी उठले आणि रांगेत उभी राहिले. रत्नाबाई “अगं ऐक, अगं बाई” करत मागं आली, तिच्यामागं पूनम.

रांग पुढं सरकली तसा झोपाळा नीट दिसायला लागला. हिरव्या साडीत, फुलांचा मुकुट घालून ऋजुता देवस्थळी बसली होती. नवी वत्सला. ही मुलगी मला काढायच्या आठवड्यातच सेटवर आली होती. वत्सलाच्या बहिणीचं काम करायचंय, असं सांगून. माझ्या खोलीत बसून विचारायची, ताई, तुम्ही पदर कसा खोचता? ताई, वत्सला चालताना मान कुठं ठेवते? मी वेडी तिला सगळं दाखवत बसले. एकदा तर माझा डबाही दिला.

नंदादादा झोपाळ्याशेजारी माइक घेऊन बोलत होते. “तासगावकरांचं हे प्रेम बघून आमची वत्सला भारावून गेलेली आहे,” वगैरे वगैरे. समोर तिवईवर कॅमेरा, त्यामागं आमच्याच युनिटचा रफिक. त्यानं मला पायऱ्या चढताना पाहिलं. ओळखलं. आणि कॅमेरा हळूच माझ्याकडं वळवला.

मग दादांनी पाहिलं. त्यांचं वाक्य अर्ध्यात लटकलं. माइकवर हात ठेवून ते माझ्याजवळ आले, तोंडावर हसू तसंच. “बाळा, आत्ता नको. खाली जा. आपण नंतर निवांत बोलू.”

“ओटी भरायला आले आहे, दादा. भरते आणि जाते.”

सात महिन्यांच्या पोटुशीला, हातात खण-नारळ असताना, हॉलभर बायकांसमोर कुठला पुरुष अडवणार? ते बाजूला झाले. मी झोपाळ्यापुढं गेले. ऋजुतानं मान वर केली आणि तिच्या तोंडाचा रंगच उडाला. तिचे दोन्ही हात त्या उशीवर गेले. मी तिला कुंकू लावलं, उजव्या हातानं, नीट. मग नारळ पुढं केला.

हौसाक्कांचा हात माझ्या मनगटावर पडला. घट्ट.

“थांब. कितवा महिना तुला?”

“सातवा.”

“मग तुझ्या घरच्यांनी काही शिकवलं नाही होय? पोटुशीनं पोटुशीची ओटी भरू नये. दोघींनाही बरं नसतं ते.”

“आक्का,” मी म्हणाले, “इथं पोटुशी एकच आहे.”

माइक जवळच होता. ते वाक्य हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

“काय म्हणालीस?” हौसाक्कांचा आवाज चढला. “अगं शुभ कार्यात आलीस आणि भांडण उकरून काढतेस?”

मी चष्मा काढला. पदर डोक्यावरून घेतला, डाव्या खांद्याशी चिमटीत धरला, वत्सला धरायची तसा. आणि तिच्या आवाजात म्हणाले, “आधी जेवून घ्या आक्का, मग भांडायला बसू.”

पायरीवरून रत्नाबाईचा आवाज आला, “अगं बया, हीच की ती. आणि मी हिच्या तोंडावर...” पुढचं तिनं तोंडाला पदर लावून गिळलं.

हॉलमध्ये मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा गलका झाला. मागच्या बायका उठून उभ्या राहिल्या. हौसाक्कांनी मनगट सोडलं नाही, पण पकड सैल झाली. “तू? तुला तर नखरे झाले होते म्हणतात. म्हणून काम सोडलंस.”

“माझे नखरे हेच, आक्का.” मी त्यांचा हात माझ्या पोटावर ठेवला. “एवढाच नखरा केला मी. दिवस गेले म्हणून सांगायला गेले. आठवड्याभरात जेवू घातलं आणि काढून टाकलं. म्हणाले, खऱ्या पोटाचा भरवसा नसतो, उशीचं बरं.”

पाच लेकरांच्या आई त्या. पोटावरचा त्यांचा हात जाणता होता. त्यांनी जरा दाबून पाहिलं, मान हलवली. मग दुसरा हात ऋजुताच्या पोटावर ठेवला आणि तसाच दाबला. तो बोटं बुडेपर्यंत आत गेला.

“कापूस,” हौसाक्का म्हणाल्या. जणू इतक्या दिवसांत त्यांना ते आजच कळलं.

“हे बघा आई, काहीतरी गैरसमज होतोय,” नंदादादा पुढं झाले. कॅमेऱ्याकडं बघून त्यांनी बोटांची कातरी करून दाखवली, बंद कर म्हणून. रफिक कॅमेऱ्याच्या मागं वाकून काहीतरी शोधत राहिला. दिवा चालूच. “वैजयंती आमच्या घरातली मुलगी आहे. तिची मनःस्थिती सध्या...”

“माझी मनःस्थिती राहू द्या दादा. मी सेटवर वेगळी खोली कधी मागितली ते सांगा. लोक बघतायत.”

त्यांनी माइक खाली केला. हौसाक्कांनी तो त्यांच्या हातातून सहज काढून घेतला आणि ऋजुतापुढं धरला. “तू सांग, पोरी. फुलांत बसलीस, कपाळाला माझ्या हातचं कुंकू आहे. खोटं बोलू नकोस. हिला का काढलं?”

ऋजुतानं आधी दादांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी नजर हटवली नाही तिच्यावरून. तिचा आवाज अगदी बारीक आला, पण आला. “त्यांना दिवस गेले म्हणून. मला आधीच सांगितलं होतं. आणि माझ्याकडून कबूल करून घेतलं, मालिका चालू आहे तोवर मूल नाही.”

त्यानंतर जो गोंधळ झाला तो विचारू नका. कुणी दादांना नावं ठेवतंय, कुणी म्हणतंय शुभ कार्य नासवलं, कुणी म्हणतंय जुनीला बसवा, कुणी म्हणतंय नवीचा काय दोष. दोन बायका तर खालीच तावातावानं भांडत होत्या की वत्सलानं अशा वेळी काय केलं असतं. हौसाक्कांनी माइकवर दोनदा टिचकी मारली आणि सगळं गप्प झालं.

“ऊठ,” त्या ऋजुताला म्हणाल्या. रागानं नव्हे, चुकीच्या ठिकाणी ठेवलेलं भांडं उचलावं तशा. मग माझा हात धरला. “तू बस. आमच्या गावात ओटी भरायची ती लेकराची. आम्ही इतकं सगळं मांडलंय ते कापसासाठी नव्हे.”

मी बसले. त्यांनी ऋजुताच्या डोक्यावरचा फुलांचा मुकुट काढून माझ्या डोक्यावर ठेवला. रत्नाबाईनं पहिली ओटी भरली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं तिच्या. ओंजळीनं बेदाणे घातले माझ्या पदरात. तिच्यामागं पूनम आली, तिनंही भरली, आणि कानाशी वाकून म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नका हं. पण काम मला नवीचंच आवडतं.” त्या दिवशी मला फक्त तिच्यावर हसू आलं. झाकलेल्या दोन वाट्या पुढं आल्या, एकीत पेढा आणि एकीत बर्फी. मी एक उघडली तर बर्फी निघाली, आणि बायकांनी मुलगी मुलगी म्हणून टाळ्या वाजवल्या.

ऋजुता स्टेजच्या कडेला पोटावरची उशी धरून उभी होती. तिला कुणी खुर्चीही दिली नाही. मला तिची दया आली का? नाही आली. खोटं कशाला सांगू. मी बेदाणे खात तिच्याकडं बघत होते. आणि नंदादादांकडं. ते हॉलच्या खांबाला टेकून फोनवर कुणाला तरी समजावत होते, आणि घाम पुसत होते. पण माझं पोट अजून भरलेलं नव्हतं.

पुढचे दिवस नुसता धुरळा. मला शिव्या घालणारेच आता माझ्या नावानं गळा काढत होते. आमची वत्सला परत आणा. मालिका बघणार नाही. मी तेही एकेक वाचलं. मग एका सकाळी चॅनेलच्या मोठ्या मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, “तुम्ही बाळंत होऊन या. तोवर वत्सलाला बाळंतपणाला माहेरी पाठवतो. माहेरून येताना ती तुमचं तोंड घेऊन येईल.”

“येते की,” मी म्हणाले. “पण वत्सलाचं तोंड बदललंत तसं निर्मात्याचंही बदला. नंदादादा असतील तिथं मी नाही.”

मग त्या म्हणाल्या, “करतो काहीतरी.” दोन-चार दिवसांनी पुन्हा फोन आला. मालिका दुसऱ्या संस्थेकडं दिली होती. दादांना त्या संध्याकाळी कळवणार होत्या.

आणि त्याच दुपारी, काहीतरी शिजतंय अशी कुणकुण लागून, नंदादादा मिरजेला, माझ्या दारात. उन्हातान्हातून आलेले, हातात साडीची पिशवी. त्यांचं ऑफिस, गाडी, दहा-पंधरा माणसांचे पगार, सगळं त्या एका मालिकेवर चाललेलं. ते मला ठाऊक होतं.

“बाळा, चुकलो मी,” ते सोफ्यावर बसता बसता म्हणाले. “तू चॅनेलला एक शब्द सांग. तुझं ऐकतील ते. मोठं मन कर. तू तर आमची वत्सला.”

अभिनंदननं स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडं पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं.

“आधी जेवून घ्या, दादा,” मी म्हणाले. “मग बोलू.”

त्यांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. त्यांना वाटलं, झालं, विरघळली. मी ताट वाढलं. पोट सांभाळत, वाकून, स्वतःच्या हातानं. वरण-भात, तूप, भरली वांगी, आणि वाटीभर श्रीखंड. अभिनंदनकडून सकाळीच मागवून घेतलं होतं, दादा येतील असा माझा अंदाज होता. ते मनापासून जेवले. वांग्यांचं कौतुक केलं. श्रीखंड संपलं तसं मी विचारलं, “अजून घालू?” त्यांनी वाटी पुढं केली. मी घातलं. त्यांचा हात त्यात असतानाच मी सांगितलं.

“मालिका काल दुसऱ्यांना दिली, दादा. तुम्हाला संध्याकाळी फोन येईल. तो शब्द मीच टाकला होता. मालिका महत्त्वाची. निर्माता काय, बदलता येतो.”

बोटं वाटीतच राहिली त्यांची. घास तोंडात होता, तो गिळता येईना की काढता येईना. मी समोर बसून बघत होते. मला माहीत होतं ती गोडी तोंडात कशी लागते.

शेवटी वाटी बाजूला सारून म्हणाले, “असं वागशील वाटलं नव्हतं. वत्सला असं कधीच वागली नसती.”

“नसतीच वागली,” मी म्हणाले. “तिनं तुम्हाला माफ करून, वर शिदोरी बांधून दिली असती. इतकी वर्षं केली मी तिला, मला माहीत नाही होय? मला ती कधीच आवडली नाही, दादा.”

मग मी उठले आणि त्यांच्यापुढं ताकाचा पेला ठेवला. “घ्या. उन्हाचं परत जायचंय तुम्हाला.”